दुखणे लेकराला विचारा

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करीत एस.टी. पुढे सरकते. वैनगंगा ओलांडून आरमोरीला पोहोचलो की आपण गडचिरोली जिल्ह्यात असतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा. धानाच्या बांध्या, मोहाची झाडे आणि कानावर झाडीबोली, गोंडी, माडिया. बोली बदलते, पण एक दुखणे गावोगाव भेटते. ते म्हणजे सिकलसेल.

विदर्भातील आदिवासी आणि आपल्या बौद्ध समाजात हा आजार बराच आढळतो. तो आईबापांकडून जन्मतःच येतो, शिवाशिवीने पसरत नाही. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, पोट यांत असह्य कळा उठतात. ही कळ बाहेरून दिसत नाही. लेकराने सांगायचे, समोरच्याने ऐकायचे, तेव्हाच ती कळते.

याच वाटेवरच्या एका दवाखान्यात आम्ही बसलो होतो. नऊ-दहा वर्षांची मुलगी बापासोबत आली. डॉक्टरांनी सारे प्रश्न बापालाच विचारले. "गोळ्या घेते का?" "घेते जी." मुलगी मान खाली घालून गप्प. मग परिचारिका तिच्याजवळ स्टुलावर बसली आणि म्हणाली, "कोठी दुखते, माय?" मुलीने गुडघ्यावर हात ठेवला. हळूहळू कळले की गोळी गिळता येत नाही म्हणून ती फेकून देते आणि सुईच्या भीतीने दुखणे लपवते. बाप चकित झाला.

वाचकहो, यासाठी मोठे यंत्र लागत नाही. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहऱ्यांची चित्रे दाखवून "तुझे दुखणे यातले कोणते?" असे विचारता येते. सुई टोचण्याआधी खरे सांगावे. पाणी भरपूर का प्यावे, थंडीपासून का जपावे, ताप येताच दवाखाना का गाठावा, हे लेकराच्या बोलीत समजवावे. शिक्षकांनीही त्याच्या कळांना नखरे म्हणू नये.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले. उद्दिष्ट २०४७ सालचे आहे. आजच्या लेकराला मात्र आजच गोळी गिळायची आहे. म्हणून आईबापांनो, पुढच्या खेपेस डॉक्टरांनी प्रश्न केला की आपण क्षणभर थांबा. लेकराला बोलू द्या.