म्हापशाची माळ, मेहरूणचं परस

माझं माहेर म्हापशाचं आणि सासर जळगावचं, मेहरूणचं. तलाव हाकेच्या अंतरावर. थंडीत दारावर इथली नावाजलेली बोरं येतात. पण बाई, त्याच दिवसांत मला आठवतो म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि तिथल्या चोरिसांच्या लालभडक माळा! डुकराचं मांस, मिरची, लसूण, व्हिनेगर; पोर्तुगीजांची ही देणगी. तिचंच भावंड मेक्सिकोत स्पॅनिश लोकांबरोबर गेलं. तिथे ते बहुधा ओलंच विकतात, आपलं वाळवलेलं, धुरावलेलं.

मागच्या खेपेला एक माळ आणली. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात अंडंही चालत नाही, म्हणून परसात स्टोव्ह मांडला.

वरचं आवरण सोलून सारण मोकळं केलं. तेल मुळीच घालायचं नाही. अर्धी वाटी पाणी, मंद आच, वर झाकण. पाणी आटून चरबी सुटली की उभा चिरलेला कांदा आणि बटाट्याच्या फोडी. मीठ आधी चाखून मगच, कारण ते मुळात असतंच. ओलं चोरिस असेल तर पाणी नको, पण जास्त वेळ परता. मिरचीच्या रंगामुळे कच्चं-शिजलं नुसतं पाहून समजत नाही.

वास घरभर गेलाच. पाव आणायचा राहिला होता. सासूबाई नाकाला पदर लावून दारात आल्या. ताटलीत कळण्याच्या दोन गरम भाकऱ्या. उंबऱ्यावर ठेवत म्हणाल्या, "नुसतं खाऊ नकोस, पोट बिघडेल. आणि ती ताटली आत आणायची नाही हं!"