कच्चे कागद

पीक कापणी प्रयोगासाठी शेतात दोरी आणि खुंट्या लावून जो तुकडा आखतात, तो गहू-ज्वारीसारख्या बऱ्याच पिकांसाठी १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असतो. पीकविम्याची भरपाई या तुकड्यातल्या धान्याच्या वजनावर ठरत आली आहे, त्यामुळे गावोगाव त्याच्याकडे लोकांचे बारीक लक्ष असते. पण माप १० बाय ५ च का? मीटरचे फूट करून पाहिले तर जवळजवळ ३३ फूट आणि साडेसोळा फूट येतात, म्हणजे एकराचा ८० वा भाग. हे माप चाळीसच्या दशकातून आपल्याकडे आले आहे आणि त्याच्यामागे भारतीय संख्याशास्त्रातला एक मोठा वाद उभा आहे. एका बाजूला कोलकात्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस, दुसऱ्या बाजूला सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसनमध्ये शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

मी पुण्यात नमुना पाहणी शिकवते. विद्यार्थ्यांना सुखात्मे भेटतात ते दोन पुस्तकांतून. दोन्ही १९५४ सालची: एक नमुना पाहणीच्या सिद्धांतावरचे, दुसरे व्ही. जी. पानसे यांच्याबरोबर शेतीसंशोधकांसाठी लिहिलेले. त्यांत सूत्रे आहेत, सिद्धता आहेत, सोडवलेली उदाहरणे आहेत. पण सूत्र कोणत्या भांडणातून निघाले, कुणी कोणत्या शेतात उभे राहून काय मोजले, हे पुस्तकात फारसे उरत नाही. ते नोंदवह्यांत, भरलेल्या शेड्यूलांत (म्हणजे पाहणीच्या प्रश्नपत्रकांत), हिशेबाच्या तक्त्यांत, पत्रांत आणि विद्वत्संस्थांच्या इतिवृत्तांत असते. पुण्याने आपल्या संख्याशास्त्रज्ञांचे हे कच्चे कागद जपले पाहिजेत, छापील पुस्तकांपेक्षाही अधिक काळजीने. पुस्तकाच्या प्रती अनेक असतात. भरलेले शेड्यूल एकच असते.

त्या तुकड्याचेच पाहा. महालनोबिस यांनी बंगालमध्ये ताग आणि भाताच्या पाहण्या केल्या तेव्हा लहान तुकडे कापण्याची पद्धत वापरली. विचार पक्का होता: एक मोठा तुकडा कापायला लागणाऱ्या वेळात अनेक ठिकाणचे लहान तुकडे कापून होतात, आणि ठिकाणे जितकी जास्त तितका अंदाज स्थिर. सुखात्मे तेव्हा दिल्लीत कृषी संशोधन परिषदेचे संख्याशास्त्र सल्लागार होते. त्यांनी लहान-मोठे तुकडे कापून तुलना केली आणि १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले, की लहान तुकडे उत्पन्न फुगवून दाखवतात. कारण कडेला आहे. नेमके सीमेवर उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर, हे कापणारा ठरवतो, आणि शंका आली की हात ते आत ओढतो. लहान तुकडा म्हणून २ फूट त्रिज्येचे वर्तुळ घेतले तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस फूट आणि परीघही सुमारे साडेबारा फूट, म्हणजे दर चौरस फुटामागे १ फूट कड. ३३ बाय साडेसोळाच्या आयताचे क्षेत्रफळ ५४४ चौरस फुटांच्या वर आणि कड ९९ फूट. दर चौरस फुटामागे फुटाचा पाचवा हिस्साही कड येत नाही. ठिकाणे वाढवली की योगायोगाने होणारी चूक कमी होते. एकाच बाजूला झुकणारी चूक मात्र हजार तुकडे कापले तरी तेवढीच राहते.

महालनोबिस यांच्या बाजूलाही वजन होते. त्यांची भिस्त याच कामासाठी नेमलेल्या, तयार केलेल्या अन्वेषकांवर होती. सुखात्म्यांना महसूल आणि शेती खात्याच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांकडून काम करून घ्यायचे होते, कारण पाहणी दरवर्षी, सगळ्या प्रांतांत चालायला हवी होती. म्हणजे वादाचा निवाडा शेवटी शेतात कोण उतरला, हातात कोणते साधन होते आणि काय सांगून त्याला पाठवले होते, यावर येऊन ठरतो. हे कळायला सूचनापत्रके आणि शेतावरच्या नोंदी लागतात. महालनोबिस यांच्या कागदांसाठी कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्थेने त्यांच्या राहत्या घरी, ‘आम्रपाली’त, संग्रहालय आणि दप्तरखाना केला आहे. त्यांचा जन्मदिवस, २९ जून, आपण सांख्यिकी दिन म्हणून पाळतो, आणि सुखात्म्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याच दिवशी दिला जातो. मला हे फार योग्य वाटते.

सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले तो काळही असाच धगधगता होता. कार्ल पिअर्सन निवृत्त झाल्यावर त्यांच्या विभागाचे दोन तुकडे झाले होते: एकात रोनाल्ड फिशर, दुसऱ्यात एगॉन पिअर्सन आणि पुढे येझी नेमन. दोन्ही बाजूंमध्ये अनुमानाच्या पायावरूनच कडवे मतभेद. सुखात्म्यांनी १९३५ मध्ये नमुना पाहणीवर लिहिलेला निबंध नेमन यांच्या वाटेवरचा आहे. पुढे १९३८ मध्ये ‘सांख्य’ या नियतकालिकात त्यांनी दोन सरासऱ्यांच्या फरकाच्या कसोटीसाठी जे कोष्टक दिले ते फिशर यांच्या विचाराचे, आणि फिशर व येट्स यांच्या प्रसिद्ध कोष्टक-पुस्तकात त्याला जागा मिळाली. तेव्हा असे एकेक कोष्टक हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर काढावे लागे. एका तरुणाने दोन भांडणाऱ्या घराण्यांत असे मोकळेपणाने काम करावे, याचे मला खरोखर कौतुक आहे.

फिशर यांचे अखेरचे दिवस ऑस्ट्रेलियात गेले. त्यांचा पत्रव्यवहार अॅडलेड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सांभाळला आणि त्यातला मोठा भाग आज घरबसल्या वाचता येतो. नेमन यांचे कागद बर्कलीत आहेत, हॅरल्ड जेफ्रिज यांचे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात. जेफ्रिज यांचे विद्यार्थी वसंत शंकर हुजूरबाजार यांनी १९५३ मध्ये पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला. अशा साखळीतल्या गुरूंची पत्रे जपली गेली आहेत. शिष्यांचीही तशीच जपली गेली तर संवादाच्या दोन्ही बाजू ऐकू येतील.

विद्वत्संस्थांचे कागद हा तर वेगळाच ठेवा. १९४७ मध्ये भारतीय कृषी सांख्यिकी संस्था स्थापन झाली. राजेंद्र प्रसाद पहिले अध्यक्ष, सुखात्मे चिटणीस. सभासदाची वर्गणी, नियतकालिकाचा खर्च, कुणाचा निबंध परत पाठवला आणि का: अशा किरकोळ दिसणाऱ्या पत्रांतूनच एखादे शास्त्र देशात कसे रुजले ते दिसते. लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीची एक चाल मला फार आवडते. तिथे निबंध वाचला जातो, सभासद तोंडावर टीका करतात आणि ती टीका लेखकाच्या उत्तरासह निबंधामागे छापली जाते. १९६१ मध्ये सुखात्म्यांनी जगाच्या भुकेवर तिथे निबंध मांडला. तेव्हा ते रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. त्याच संघटनेचे पहिले महासंचालक बॉइड ऑर यांनी दोन तृतीयांश माणसे भुकेली असल्याचे सांगितले होते आणि तो आकडा जगभर फिरत होता. सुखात्म्यांनी सरासऱ्यांऐवजी माणसामाणसांतला फरक धरून हिशेब केला आणि पोटभर न मिळणारे १० ते १५ टक्के, आणि एक ना एक प्रकारे कुपोषित असणारे जास्तीत जास्त निम्मे, असे सांगितले. आपल्याच संघटनेच्या पहिल्या महासंचालकाचा आकडा खाली आणायला धैर्य लागते. पुढच्या वर्षी सोसायटीने त्यांना रौप्य ‘गाय’ (Guy) पदक दिले.

पुण्याचा वाद यापुढचा, आणि आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘पॉव्हर्टी इन इंडिया’त माणशी रोज २२५० उष्मांक ही कसोटी लावून ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक अपुऱ्या अन्नावर असल्याचे दाखवले. रोमहून परतलेले सुखात्मे तेव्हा महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले होते. आगरकर रस्त्यावरची ती संस्था आणि गोखले अर्थशास्त्र संस्था यांच्यामध्ये चालत जाण्याइतकेच अंतर. सुखात्म्यांचे म्हणणे असे होते: एकाच माणसाचे रोजचे खाणे आणि शरीराचा खर्च दिवसागणिक वरखाली होत असतो आणि शरीर तो सांभाळून घेते, म्हणून सरासरीखाली दिसणारा प्रत्येक जण उपाशी नव्हे. चढउतार १५ टक्क्यांच्या आसपास धरला आणि सरासरीच्या खाली त्याच्या दुप्पट गेले, तर २२५० ची रेषा १५७५ वर येते. भुकेल्यांची संख्या एकदम घटते. दांडेकरांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त १९८१ आणि १९८२ मध्ये त्याला सडेतोड उत्तर दिले. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांचाही विरोध होता.

माझे मत सांगते. सरासरीला उंबरठा मानू नये, हा सुखात्म्यांचा आक्षेप संख्याशास्त्र म्हणून अगदी खरा आहे. पण खाली सरकवलेली रेषा दारिद्र्य मोजायला वापरणे मला पटत नाही. शरीर सांभाळून घेते तेव्हा त्याची किंमत कमी काम, कमी हालचाल आणि मुलांची खुंटलेली वाढ अशी मोजावी लागू शकते. मात्र माझे मत असो वा त्यांचे, ते तपासायचे तर एका माणसाच्या सलग अनेक दिवसांच्या नोंदी हव्यात. सुखात्म्यांनी वारंवार आधार घेतला तो ब्रिटिश सैन्यातल्या नव्या जवानांच्या रोजच्या आहार-श्रमाच्या नोंदींचा. आठवड्याची सरासरी काढून रोजचे तक्ते फेकले, की माणसाच्या आतला चढउतार आणि दोन माणसांमधला फरक एकमेकांत मिसळून जातात. मग पुढच्या पिढीतला कितीही हुशार संशोधक ते वेगळे करू शकत नाही.

राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी १९५०-५१ ची. तीत कोलकात्याच्या शेड्यूलांबरोबर गोखले संस्थेने तयार केलेली ‘पूना शेड्यूल्स’ही वापरली गेली आणि दांडेकरांनी त्यांच्यावर लिहिलेला अहवाल १९५३ मध्ये संस्थेने छापला. एकाच वेळी दोन तऱ्हांनी प्रश्न विचारून पाहण्याचा तो प्रयोग आजही शिकवण्यासारखा आहे. संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुने अहवाल आणि पुस्तके मोठ्या प्रमाणावर संगणकावर आणली आहेत. हे काम छापील मजकुराच्या पलीकडे जावे, व्यक्तींच्या कागदांपर्यंत पोहोचावे, अशी माझी तळमळीची मागणी आहे.

घाई असण्याचे कारण घरांमध्ये आहे. डेक्कन, प्रभात रोड, एरंडवणे भागातल्या प्राध्यापकांच्या बंगल्यांचा पुनर्विकास चालू आहे. इमारत रिकामी करायला महिनाभर मिळतो आणि माळ्यावरचे गठ्ठे रद्दीत जातात. मुलांना, नातवंडांना त्यात आकडेच आकडे दिसतात. त्यांना दोष कसा द्यायचा? अशा घरांना माझी विनंती आहे, की कागद विषयवार लावायला बसू नका, ज्या क्रमाने फायलीत आहेत तसेच राहू द्या. पत्राच्या मागे खरडलेली आकडेमोड फाडू नका. संस्थांच्या सभांची टिपणे, परत आलेले निबंध, परीक्षकांचे शेरे वेगळे काढून टाकू नका. पाहणीत ज्यांच्या घरची माहिती आहे त्यांची नावे झाकण्याचे काम ग्रंथालयाने करावे. आणि शेड्यूलांच्या गठ्ठ्याबरोबर अन्वेषकांना दिलेली सूचनापुस्तिका सापडली तर ती त्याच गठ्ठ्यात बांधून द्या, कारण तिच्याशिवाय सातव्या रकान्यातल्या ३ चा अर्थ कुणालाच लावता येणार नाही.