पेटीत काय ठेवावे?

कला शाखेच्या विद्यार्थ्याच्या हाती पेचकस शोभत नाही, असा एक समज आमच्या महाविद्यालयात रूढ आहे. संगणक बिघडला की त्याने पडेल चेहऱ्याने विज्ञान शाखेच्या मित्राकडे जावे, हीच रीत. आमच्या घरी मात्र ही रीत परवडत नाही. आई घरच्या संगणकावर वकिलांचे अर्ज आणि शपथपत्रे टंकलिखित करून देते. यंत्र एक दिवस बंद राहिले की त्या दिवसाची कमाई बुडाली. तेव्हा घरात दुरुस्तीची एक पेटी असावी असे ठरले, आणि घरात सर्वांत रिकामा दिसणारा मीच असल्यामुळे ती जमवण्याचे काम माझ्याकडे आले.

पहिली फेरी इतवारीतल्या लोहाओळीत झाली. "घेऊन जा ना जी, ११५ नग आहेत," म्हणत दुकानदाराने एक चपटी पेटी उघडली. सराफाच्या डब्यात दागिने मांडावेत तशी इवलीशी पोलादी टोके ओळीने बसवलेली होती. मोह झाला हे खरे. पण त्यातल्या शंभरेक टोकांना लागणारा स्क्रू आमच्या घरात आहे तरी कुठे? एम्प्रेस मिलमध्ये फिटर असलेले आमचे आजोबा म्हणत, "आधी नट पाह्य, मंग पाना उचल." मी रिकाम्या हाताने घरी आलो आणि स्क्रू पाहत बसलो.

संगणकातले स्क्रू हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. (आमच्या अभ्यासक्रमात तो नाही, याचे मला अजिबात दुःख नाही.) कॅबिनेटचे आणि मोठ्या हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे, इंचाच्या मापाचे, जाडी साधारण साडेतीन मिलिमीटर. सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह किंवा लहान डिस्क बसवायचे स्क्रू मात्र बारीक आट्यांचे, तीन मिलिमीटरचे. दिसायला दोघे सख्खे भाऊ; पण एकाच्या जागी दुसरा दामटला की भोकातले आटेच कापले जातात. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली, आणि १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या संगणकाच्या वंशजांनी इंच पुन्हा आपल्या घरात आणून बसवले! सुदैवाने यांतल्या बहुतेकांना एकच पेचकस चालतो : फुलीच्या खाचेचा, दोन नंबरचा. बाजारात त्याला 'स्टार' म्हणतात. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सने १९३६ मध्ये या खाचेची पेटंटे घेतली. मी नाशिकच्या टपारियाचा घेतला. टोकाला चुंबक असलेलाच पाहून घेतला, कारण एखादा स्क्रू मदरबोर्डखाली घरंगळला आणि तसाच राहिला, तर पुढे शॉर्ट सर्किटला आमंत्रणच.

ताईच्या लॅपटॉपसाठी शून्य आणि एक नंबरचे दोन बारीक पेचकस लागले. शेजारच्या काकांनी आपला जुना आयफोनही पुढे केला. त्याच्या तळाशी पाच पाकळ्यांची खाच निघाली. अॅपलने ती २०१० च्या आयफोन चारपासून फोनवर आणली. तिचा पेचकस साध्या दुकानात मिळू नये, हाच तिचा गुण! वस्तू आपण विकत घेतली, पण ती उघडण्याची मुभा घेतली नाही, असा हा व्यवहार. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले आहे. पाकळ्या मात्र अजून पाचच आहेत. काकांचा फोन मी तसाच परत दिला.

उरलेल्या वस्तू स्वस्तात झाल्या. रंगाऱ्याचा एक इंची कुंचला धुळीसाठी. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो तेव्हा धुळीने बसलेला पंखा म्हणजे यंत्राला उन्हात कांबळे पांघरण्यासारखे. झाडताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, गरगरू द्यायचा नाही. रॅमच्या सोनेरी कडेवरचा मळ काढायला खोडरबर. हे एक हत्यार आमच्या शाखेचेच. घड्याळ मागे पडू लागले तर मदरबोर्डवरची तीन व्होल्टची गोल बॅटरी बदलायची. तिच्या २०३२ या अंकातच तिचे माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. काढलेले स्क्रू ठेवायला आजीची आठवड्याच्या गोळ्यांची जुनी डबी, सोमवारी कॅबिनेट, मंगळवारी डिस्क, अशी.

डाग द्यायची इस्तरी मी घेतली नाही. हात बसल्याशिवाय ती मदरबोर्डावर चालवू नये. आणि विजेचा पुरवठा करणारा तो पत्र्याचा डबा, एसएमपीएस, उघडायचाच नाही हे घरात सर्वांना सांगून ठेवले. त्यातला कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो.

पण खरे काम दाखवले ते स्वस्तातल्या टेस्टरने. आई कधीपासून म्हणत होती, कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. टेस्टर लावला तर पत्र्यावर दिवा मिणमिणला. आमचे महालातले घर जुने. प्लगच्या तिसऱ्या भोकात तारच नाही. एसएमपीएसमधले गाळणीचे दोन कपॅसिटर मग पत्र्यावर जवळजवळ निम्मा दाब आणून सोडतात. प्रवाह अगदी थोडा, म्हणून माणूस नुसता दचकतो. पण चालू यंत्राला प्रिंटरची वायर जोडताना तेवढ्याने एखादी चीप जाऊ शकते. ११५ नगांत या दुखण्यावर एकही नग नव्हता. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत अंगावर साठणारी वीज वेगळी. तिच्यासाठी प्लग काढून आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला, की पुरते.

पेटी भरली, झाकण लागते. वायरमन येत्या रविवारी अर्थिंगची तार टाकायला येतो म्हणाला आहे. तोवर आईला लाकडी पाटावर पाय ठेवून बसायला सांगितले आहे, आणि तिचे दोन अर्ज बाकी आहेत.