'कालिया मर्दन'ला पेटी-पखवाज हवा

दादासाहेब फाळके यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) मोठ्या पडद्यावर पाहायची माझी फार जुनी इच्छा. त्याची नव्याने साफ केलेली डिजिटल प्रत गोकुळाष्टमीच्या आदल्या संध्याकाळी थेट ऑनलाइन दाखवणार असं कळलं. लगेच तिकीट काढलं, नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला आणि सगळ्यांना बोलावलं. पोरं सतरंजीवर, आजी-आजोबा खुर्च्यांवर. पाऊस कोसळत होता, पण लाइट टिकली.

या चित्रपटाची सुरुवात विलक्षण आहे. फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी आधी नुसत्या चेहऱ्याने एकेक भाव दाखवते आणि मग आपल्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती साळुंके या पुरुष नटाला करावी लागली होती. त्यानंतर सहाच वर्षांत घरची मुलगी पडद्यावर कृष्ण झाली! हा क्षण सगळ्यांनी पाहावा म्हणून तर मी हा घाट घातला होता. पण मूकपटाची चौकट असते साधारण चारास तीन. दाखवणाऱ्यांनी ती आजच्या रुंद पडद्याएवढी ताणली होती. मंदाकिनीचा चेहरा आडवा पसरला. मजकुराच्या पाट्या आल्या, तर त्यांच्या शेवटच्या ओळीवर आयोजकांचं बोधचिन्ह.

"काका, हे सगळे पळतायत का?" माझ्या पुतणीने विचारलं. तिचं बरोबर होतं. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला साधारण सोळा-अठरा फ्रेम. सोळाच्या वेगाने हजार फुटांचं रीळ जवळपास १७ मिनिटं चालतं. तेच चोवीसने सोडलं की ११ मिनिटांत संपतं. इथे तेच झालं होतं. कालियाशी पाण्याखालची झुंज आणि काठावर जीव मुठीत धरून उभे असलेले गावकरी, ही दृश्यं फाळक्यांनी आलटून पालटून जोडली आहेत. त्यातली घालमेल पोचायला वेळ लागतो. तो वेळच काढून घेतल्यावर पोरं हसायला लागली. मला फार वाईट वाटलं.

आणि संगीत! कीबोर्डवरची एकच बासरीची धून, शेवटपर्यंत तीच. यशोदेच्या घरातही तीच, डोहातही तीच. मूकपट कधीच मुका दाखवला जात नसे. पडद्यापाशी बसून वादक प्रसंग बघत पेटी-तबला वाजवायचे, आणि अर्धा रंग त्यातूनच भरायचा.

आपल्या मूकपटांतले बहुतेक कायमचे गेले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने 'कालिया मर्दन' जपला म्हणून तो आज दिसतो तरी. इतक्या कष्टाने वाचलेली प्रत दाखवताना वेग आणि चौकट तपासायला कितीसा वेळ लागतो? नुसत्या साफ केलेल्या प्रतीला मी पुनरुज्जीवन म्हणणार नाही.

आयोजकांना हे सगळं सविस्तर लिहून कळवलं आहे. आता पनवेलकरांना विनंती. आपल्याकडे वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे, पनवेल-उरण पट्ट्यात गावोगावी भजनी मंडळं आहेत, पेटी-पखवाजावर बसणारे हात आहेत. पुढच्या गोकुळाष्टमीला रीतसर परवानगी काढून 'कालिया मर्दन' योग्य वेगाने, जिवंत साथीसह तिथे दाखवू या. लागेल ती धावपळ करायला मी तयार आहे, सोबत या.