आरसे काढलेली बाईक

धंतोलीत राहणाऱ्यांना वेगाचं काय अप्रूप? दर चार पावलांवर हॉस्पिटल, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पार्किंग. इथे बाईक सेकंड गिअरच्या वर जाईल तर शपथ! आणि याच धंतोलीत वाढलेला माझा धाकटा भाऊ परवा जेवताना म्हणाला, "ताई, मी रेसिंगचं लायसन्स काढून राहिलो." आईची पोळी तव्यावरच राहिली. "काहून? हाडं मोडायला इथले रस्ते कमी पडतात का?"

प्रश्न रास्त होता. उत्तर शोधता शोधता मीच नॅशनल मोटरसायकल रेसिंग चॅम्पियनशिपमध्ये गुंतले.

मोटोजीपी तुम्हाला ठाऊक असेल. २०२३ मध्ये ती ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर आलीसुद्धा. पण आपल्या देशातली चॅम्पियनशिप? तिचे राऊंड्स मुख्यतः चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टाईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर आणि कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होतात. चेन्नई म्हणजे नागपूरहून अख्खी रात्र रेल्वेत. म्हणूनच की काय, आपल्याकडे 'रेसर' म्हटलं की फुटाळ्यावर व्हीली मारणारा पोट्टाच डोळ्यांसमोर येतो.

ट्रॅकवरच्या शिस्तीपुढे मात्र आमची शाळाही फिकी! १६५ सीसी गटातली बाईक आपल्या रोजच्या बाईकचीच बहीण, फक्त हेडलाइट आणि आरसे काढलेली. आरसे का नाहीत? कारण ओव्हरटेक करताना सांभाळायचं मागच्याने. तुम्ही पुढचं वळण बघायचं. सगळे एकाच दिशेने धावणार. जागोजागी मार्शल उभे. पिवळा झेंडा दिसला की ओव्हरटेक बंद, लाल दिसला की रेसच थांबली.

तरीही धोका उरतोच. ऑगस्ट २०२३ मध्ये याच चॅम्पियनशिपमध्ये, चेन्नईच्या ट्रॅकवर, बंगळुरूचा १३ वर्षांचा रायडर पडला आणि गेला. त्या वीकएंडच्या उरलेल्या रेस रद्द झाल्या. मी हे भावाला सांगायला गेले, तर त्याला ते आधीच माहीत होतं. आईला मात्र मीच सांगितलं. लपवून मिळवलेला होकार काय कामाचा?

तिचं उत्तर अजून 'नाही'च आहे. माझं 'हो', पण अटींसकट. आधी ट्रेनिंग, मग लायसन्स. हेल्मेट आणि लेदर सूटचे पैसे माझे. सेकंडहँड काही घ्यायचं नाही. आणि शहरात रेस? एकदाही नाही. वर्धा रोडवर त्याला पिवळा झेंडा दाखवायला कुणी उभं नसतं.