जीभ पुढे, ओठ गोल

हाँगकाँग, सोमवार

प्रिय ताई,

सकाळी शाम शुई पोच्या बाजारात गेले आणि नुसती ऐकत उभी राहिले. इथल्या कँटनीज भाषेत कोंबडीला ‘गै’ म्हणतात आणि रस्त्याला ‘गाय’. (‘गै’तला ऐ आपल्यासारखा, अइ.) सूर दोन्हींचा एकच, वरचा आणि सपाट. ‘गाय’ म्हणताना जबडा उघडतो, जीभ तळाशी बसते, स्वर लांबतो. ‘गै’मध्ये जीभ किंचित वर, मधोमध येते आणि स्वर आखडतो. म्हणजे आपले अ आणि आच की गं! तीन म्हणजे ‘साम’, हृदय म्हणजे ‘सम’. माझ्याबरोबर शिकणाऱ्या इंग्लंडच्या मुलीला हा फरक पकडायला फार कष्ट पडतात. मला तो बाराखडीने आधीच देऊन ठेवलाय, याचा केवढा आनंद झाला!

तुझी,
धाकटी

हाँगकाँग, गुरुवार

प्रिय ताई,

आज असा स्वर, जो देवनागरीत नीट लिहिताच येत नाही. आरशासमोर उभी राहा आणि ‘सी’ म्हण. जिभेचं टोक खालच्या दातांशी आहे, पुढचा भाग टाळूच्या अगदी जवळ. आता जीभ तसूभरही न हलवता ओठांचा चंबू कर. सुरुवातीचा ‘सी’ म्हणजे कविता. चंबूतून निघालं ते पुस्तक. जीभ जरा मागे सरकली की नुसता ‘सू’ होतो. आणि ती सरकतेच, कारण मराठीत उ, ऊ, ओ म्हणताना ओठ गोल होतात तेव्हा जीभ दर वेळी मागेच असते. जन्मभर जोडीने केलेल्या या दोन हालचाली कँटनीजसाठी सुट्या कराव्या लागतात. ओठ पुढे आले की जिभेपुढची पोकळी लांबते आणि स्वर गडद होतो, एवढाच सगळा खेळ.

हाँगकाँगच्या नावातही तेच. स्थानिक माणूस पहिल्या अक्षरात जीभ ‘ॲ’च्या जवळपास पुढेच ठेवतो आणि ओठ गोल करतो; दुसऱ्यात मात्र आपला सरळ ‘ऑ’, जीभ मागे. पाण्याच्या शब्दात त्या पहिल्या स्वराचा आखूड भाऊ आहे, जीभ थोडी मधे सरकलेली. १९९३ साली इथल्या भाषाशास्त्र मंडळाने ‘ज्यूतपिंग’ ही रोमन लेखनपद्धती आणली. तीत हे दोघे भाऊ ‘ओ’ आणि ‘ई’ ही अक्षरं उलटसुलट करून लिहितात. मला ही युक्ती फार आवडली.

मुलांकडूनही ‘सी’ आणि चंबू करवून घे आणि रेकॉर्ड करून पाठव. आमच्या बाईंना ऐकवायचंय.

तुझी,
धाकटी