दोस्ताला सांगितलं, पण पुढे कुणाला?

दहावी-बारावीच्या पोरांशी बोलत बसलं की कळतं, घरी न बोललेलं सगळं ती मित्राला सांगतात. आपल्या म्हसळ्यात कुणाचे वडील मुंबईला, कुणाचे आखातात. फोनवर "अभ्यास कर" एवढंच होतं. मग एसटीची वाट बघता बघता दोस्तच दोस्ताला सांभाळतो. चांगलंच आहे. पण एखादा "जगावंसं वाटत नाही" म्हणाला, वर "कुणाला सांगू नकोस" अशी शपथ घातली, तर १५ वर्षांच्या पोराने ते ओझं कुठे न्यायचं?

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. आपल्या वाड्यांवरच्या शाळांचा पट तेवढा कुठला! पण लहान शाळांचीही सुटका नाही, त्यांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचंय. माझ्या मते आपल्यासाठी हाच भाग महत्त्वाचा. जिल्हा रुग्णालय अलिबागला. पोराला तिथे न्यायचं तर दिवस मोडतो, रोजंदारी बुडते. म्हणून तज्ज्ञाचं नाव-नंबर फायलीत नको, शाळेच्या फळ्यावर हवा.

पालकसभेत गणवेश न् सहलीवर तासभर जातो (पत्रकार म्हणून बऱ्याच ऐकल्यात). पुढच्या सभेत हेही विचारा. मित्राचं असं बोलणं मोठ्यांच्या कानावर घालणं ही चुगली नव्हे, हे मात्र पोरांना आजच सांगा. आणि 'टेलि-मानस'चा नंबर पाठ करून घ्या: १४४१६. फुकट आहे, चोवीस तास, मराठीतूनही बोलतात.